पारख तांब्याची

हेडफोनची वायर तुटली की अख्खा हेडफोनच फेकून द्यायचा, ही रीत आता मध्यमवर्गीय घरांतही रुजली आहे. वास्तविक पुष्कळदा बिघाड जॅकपाशी तुटलेल्या तारेत असतो आणि नवी वायर घरच्या घरी जोडता येते. मात्र तारेची पारख हवी.

येथे दोन भूल संभवतात. पहिली भपक्याची. चांदीच्या तारेने नाद खुलतो, असे सांगून भरमसाट किंमत घेतली जाते. वस्तुतः चांदीची विद्युतवाहकता तांब्याहून जेमतेम ६ टक्के अधिक. ०.१ चौरस मिलिमीटर जाडीच्या, सव्वा मीटर लांब तांब्याच्या वायरीचा जाण्यायेण्याचा मिळून रोध अर्धा ओहमही भरत नाही. ३२ ओहमच्या हेडफोनपुढे तो नगण्यच.

दुसरी भूल स्वस्ताईची. तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम तांबे म्हणून खपवले जाते. ते वजनाला हलके आणि वारंवार वाकवल्यास लवकर तुटणारे. टोक खरवडताच आतला पांढरा धातू उघडा पडतो.

म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तार घेताना टोक सोलून पाहावे. केसासारख्या बारीक, अनेक पदरी तांब्याची, मऊ आवरणाची तार निवडावी. आधी एकच मीटर आणून जोडून पाहावी. पदरांवर इनॅमल असेल, तर ते काढल्याविना डाग बसत नाही.

वाचणारे पैसे थोडेच असतील. पण घरातील मुलाच्या हाती सोल्डरिंग आयर्न आले आणि वस्तू पारखण्याची दृष्टी लाभली, तर ती कमाई कोणत्याही बाजारात विकत मिळणारी नाही.