बसून वाचणारी बाई



हे संपादकीय मी तुकड्यातुकड्यांनी लिहिलं आहे. सुरुवात महाड-पोलादपूर एस.टी.त झाली, बाकीचं रात्री भांडी आवरल्यावर. तुमच्यातल्या बहुतेकींचं लिहिणंही असंच होत असणार.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आम्ही दुपारचं वाचन करतो. तिथले बहुतेक पुरुष मुंबईला. उतारावरची नाचणी-वरी, गुरं, म्हातारी माणसं सगळं बायकांवर. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ऊर्मिला पवारांचं २००३ सालचं ‘आयदान’ वाचत होतो. बांबूच्या टोपल्या विणून घर चालवणारी त्यातली आई तिथं कुणालाच परकी वाटली नाही. तांदूळ निवडता निवडता एकजण म्हणाली, “ताई, हात चालू हायेत म्हणून बरं. एकटी पुस्तक घेऊन बसले तर सासू इचारील, कामं संपली का?”

मला ते वाक्य सोडेना. तांदूळ निवडणं हे काम, वाचणं म्हणजे नुसतं बसणं! फलटणच्या बेबीताई कांबळे वाणसामान बांधायच्या रद्दीचे कागद वाचत. दुकानात बसून लिहिलेल्या वह्या त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवल्या. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं आलं १९८६ साली. प्रतिभा वगैरे नंतरच्या गोष्टी; आधी वही लपवायला जागा लागते.

आणि आपण संघटनावाल्या तरी काय करतो? समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मी अहवाल लिहायला शिकले. बाई तासभर पोटातलं बोलते आणि माझ्या रजिस्टरात उतरतं, ‘महिलांच्या समस्यांवर चर्चा झाली.’ महाडचा सत्याग्रह १९२७ चा. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून त्यांच्याच तोंडून ऐकलेलं मांडणारं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं १९८९ साली. मधल्या साठ वर्षांत किती आज्या न बोलताच गेल्या असतील?

माझ्या हातूनही असंच एक नुकसान झालं आहे. वाडीतल्या सातजणी लिहू लागल्या होत्या. एकीचं लिखाण तर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर होतं. “घरी नको, पोरं फाडतील,” असं म्हणून मीच ते सगळं महाडच्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत आणून ठेवलं. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी गावात शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. अशा वेळी वह्यांसाठी रडायची लाज वाटली. चिखल उपसताना कॅलेंडरचा लगदा हाती आला, तो मी इतर कचऱ्याबरोबर टाकला. पंचनाम्यात आम्ही पंखा, कपाट, सतरंज्या लिहून दिल्या. वह्या लिहायचं मला सुचलंसुद्धा नाही.

वाडीत जाऊन सांगितलं तेव्हा कुणी रागावलं नाही, याचाच जास्त त्रास झाला. पुन्हा लिहा म्हटलं तर दोघींनी सरळ नकार दिला. “तवाचं तवा लिहिलं, आता त्ये कसं येईल?” त्यांचं बरोबरच होतं. वही बाईची असते, ती सुरक्षित कुठं राहील हे तिनं ठरवायचं, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

या अंकातलं लिखाण म्हणूनच आम्ही फार दुरुस्त केलेलं नाही. तुमच्या गटाच्या बैठकीतही हिशेब झाल्यावर अर्धा तास वाचनाला ठेवा, आणि तो वेळ कामाचा म्हणूनच रजिस्टरात लिहा.

कॅलेंडरवाली आता पुन्हा लिहिते आहे. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते. परवा ती सासूबाईंना सापडली. त्यांना वाचता येत नाही. “माझं काय लिवलंयस त्ये वाच,” म्हणाल्या. तिनं ते पान वाचलं की उलटून पुढं गेली, हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.