जुगाड म्हणाल तर खबरदार!

माणसानं कशावर रागवावं याला काही धरबंध असावा, असं आमच्या घरातून मला नेहमी सांगण्यात येतं. महागाईवर रागवावं, जावयावर रागवावं (मनातल्या मनात), गेलाबाजार रेल्वेवर रागवावं. जेऊरकराला तर रेल्वेवर रागवण्याचा हक्कच आहे. किती तरी मेलगाड्या आमच्या स्टेशनातून शिट्टी मारून, ओळख न दाखवता निघून जातात. पण मी रागावलोय एका शब्दावर. बरं, तो शब्द शिवीही नाही, कौतुकाचा आहे. जुगाड!

हा शब्द हिंदीतून आमच्याकडं आला आणि उतरला तो मुक्कामालाच. पूर्वी सायकलच्या टायरला चपलेचं रबर लावणाऱ्याला 'वेळ भागवली' म्हणत आणि विषय संपत असे. आता 2012 साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचा इंग्रजी ग्रंथच निघाला. भागवाभागवीला मी नावं ठेवत नाही हो. माझा उभा संसार तिच्यावरच उभा आहे. माझं भांडण निराळं आहे. ज्या कामात भागवाभागवी औषधालाही सापडणार नाही त्यालाही, केवळ ते पत्र्याच्या शेडमध्ये झालं म्हणून, आपण हाच शिक्का मारतो. एअरकंडिशन खोलीत केलं की इंजिनिअरिंग आणि बाभळीखाली केलं की जुगाड!

पुरावा म्हणून आमच्या भाच्याला हजर करतो.

भाचा पुण्याचा. चांगली चालणारी गाडी अधिक चांगली चालावी म्हणून तिला बंद पाडणं हा त्याचा छंद. त्यानं आपल्या पेट्रोलच्या गाडीला टर्बो बसवला. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम अशा उद्योगांना आडवं येतं, म्हणून ती गाडी फक्त शर्यतीच्या बंद मैदानावर धावते आणि मैदानापर्यंत दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून जाते. हे ऐकल्यावर माझ्या बहिणीनं कपाळाला हात लावला होता.

टर्बो म्हणजे काय, हे मला भाच्यानं तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा समजलं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. निघालेल्या पाहुण्याला उंबऱ्यात धरून चुलीला फुंकणी मारायला लावावी, तसा हा प्रकार. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं आणि ते जहाजांच्या इंजिनांवर नीट चालेपर्यंत वीसेक वर्षं गेली. त्या वीस वर्षांच्या खटपटीला 'संशोधन' म्हणतात. बाभूळ नव्हती ना तिथं!

तर चार सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोच्या तोंडी देणारं जे चार पायांचं नळकांडं असतं, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. भाच्याचा मॅनिफोल्ड तडकला. शहरातल्या एका झगमगीत दुकानातून अठ्ठावीस हजारांना करून घेतलेला तिसरा मॅनिफोल्ड. दिवाळीला आला तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर तो पिशवीत घेऊन आला होता. मी म्हटलं, "आमच्या मिस्त्रीला दाखवू." भाचा हसला. उसाच्या ट्रॉलीचे हूक जोडणारा माणूस टर्बोला काय हात लावणार, असं ते हसू होतं.

आता आमच्या भागाचा इतिहास त्या हसण्याला ठाऊक नव्हता. उजनीचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, उसामागं ट्रॅक्टर आला आणि ट्रॅक्टरमागं वेल्डिंगवाला आला. साखर कारखान्यांची स्टेनलेसची पाइपलाइन जोडून आमच्या मिस्त्रीचे केस पिकलेत. त्यानं तो मॅनिफोल्ड हातात घेतला, बॅटरी लावून आतून पाहिला आणि म्हणाला, "साखर झालीया."

मला वाटलं, सवयीनं बोलला. पण स्टेनलेसला मागच्या बाजूनं आर्गन न सोडता वेल्डिंग केलं, की आतल्या अंगाला जी काळी, दाणेदार खरपूड धरते, तिला विलायतेतले वेल्डरही साखरच म्हणतात. तिथून चीर सुरू होते. शिवाय पाइप पातळ, आणि टर्बोचं सगळं वजन त्याच्याच डोक्यावर, खाली आधार काही नाही. हा धूर नऊशे अंशांपर्यंत तापतो. एवढ्या उष्णतेनं फूटभर स्टेनलेसचा पाइप चार-पाच मिलिमीटर लांबतो आणि गार झाला की पुन्हा आखडतो. त्याला लांबायला जागा ठेवली नाही, तर तो स्वतःच जागा करून घेतो.

"नवा करून देतो," मिस्त्री म्हणाला. "पर आधी जावा, इंजिनाचं जुनं हेड घेऊन या. टर्बो आना. आन् बॉनेटखाली जागा किती, त्याचा पुठ्ठा कापून आना."

भाचा पुण्याला गेला आणि भंगारातून मिळवलेलं सिलिंडर हेड मांडीवर घेऊन पॅसेंजरनं परत आला. शेजारच्या बाईनं त्याला विचारलं म्हणे, "कुठल्या देवाचं?"

पुढचे चार दिवस मी शेडमध्ये स्टुलावर बसून काढले. मिस्त्रीनं जाड पाइपचे एल्बो घेतले. एकेक तुकडा तिरका कापला, कानशीनं घासला, उजेडात धरून फट बघितली, पुन्हा घासला. चारी पाय होता होईल तो सारख्या लांबीचे. आधी नुसते टाके मारले. पुठ्ठ्याशी ताडून पाहिलं. एक पाय पसंत पडला नाही, तो तोडून परत केला. फ्लँज हेडवर बोल्टनं आवळून मगच वेल्डिंग, तेही एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, कारण एका बाजूनं सलग ओढत गेलं की लोखंड वाकडं होतं. भोकं बंद करून आतून आर्गन सोडलेला. काम संपल्यावरही बोल्ट सोडले नाहीत. रात्रभर गार होऊ दिलं. सकाळी फ्लँज काचेवर टेकवून पाहिली आणि जिथं केसभर उचललेली दिसली तिथं घासून सपाट केली. टर्बोला खालून आधाराची पट्टी दिली, तीही थोडी सरकेल अशी.

हे सगळं झाल्यावर भाचा आनंदानं ओरडला, "मामा, काय जुगाड केलाय!"

मिस्त्रीनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "पाव्हणं," तो शांतपणे म्हणाला, "जुगाड करायचा असता, तर तुमाला पुण्याला हेड आनायला धाडलं असतं का?"

माझा राग जन्मला तो त्या क्षणी. तोवर मीही हा शब्द सुखेनैव वापरत होतो. सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालू होणारी चारचाकी बनवली, ती 2021 च्या डिसेंबरात देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. महिन्याभरात ती मिळालीही. तेव्हा पारावर पेपर वाचताना 'काय जुगाडू माणूस!' असं मीच म्हणालो होतो. स्टिअरिंग फिरवलं की दोन चाकं बरोबर वळतात, ब्रेक दाबला की गाडी थांबते, हा काय योगायोग असतो? त्याला माप लागतं, हिशेब लागतो. कौतुकाच्या नावाखाली आपण त्यातला हिशेब काढून घेतो आणि नशीब तेवढं ठेवतो. आणि एकदा जुगाड म्हटलं, की पैसे कमी द्यायला आपण मोकळे.

मिस्त्रीचा मुलगा पुण्यात एका ऑफिसात बिलं टाइप करतो. वडील काय करतात, असं विचारलं की सांगतो, "असंच, छोटं-मोठं काम."

मिस्त्रीनं मजुरी सांगितली सहा हजार. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पाच करा की!" गेली चाळीस वर्षं भाजीवालीपासून सगळ्यांना मी हेच वाक्य ऐकवत आलोय. डॉक्टरला मात्र कधी ऐकवलं नाही. भाच्यानं सहा दिले.

तो मॅनिफोल्ड अख्खा हंगाम टिकला. परवा भाच्याचा फोन आला. मैदानावर लोक वाकवाकून बघतात म्हणाला, कुठं करून घेतलास विचारतात.

"मग? जेऊरचं नाव सांगितलंस ना?"

भाचा जरा अडखळला. "मामा, जेऊर म्हटलं तर जुगाड म्हणतील. मी सांगितलं, जपानहून मागवलाय. ऐंशी हजार पडले."

हे मी मिस्त्रीला जाऊन सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं डोळ्यांवरची काच वर केली, मनाशी काही आकडेमोड केली आणि म्हणाला, "ऐंशी? आन् गुरुजी, तुमी माज्याकडनं हजार कमी करत व्हता."