तांबड्या विजा आणि 'उपयोग काय?'

गेल्या शनिवारी सुप्याला घरी गेलो होतो. चुलतभावाला लॅपटॉपवर 'स्प्राइट'चे फोटो दाखवले. ढगांच्याही वर, जमिनीपासून ५० ते ९० किमी उंचीवर, जेलीफिशसारखी लालभडक वीज! दादाने क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "इथं माणसं वीज पडून मरतात, अन् हे वरचे फोटो काढत बसलेत. उपयोग काय?"

पुण्यात कँटीनमध्येही हेच ऐकतो, तिथे फक्त 'आरओआय' म्हणतात. दादाला निदान विचारायचा हक्क तरी आहे. २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसं गेली. पण त्याचा हिशोब चुकलाय.

स्प्राइट कुठल्याही विजेनंतर दिसत नाही. जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजा ऋणभारित असतात. दहातली जेमतेम एक धनभारित, आणि स्प्राइट जवळजवळ नेहमी अशाच एखाद्या दांडग्या विजेमागून येतो. ही वीज पुष्कळदा वादळ ओसरताना पडते. मोठा पाऊस होऊन गेलाय, भुरभुर चालू आहे, माणूस गोठ्यातून बाहेर पडून शेताकडे निघालाय... आणि तेव्हा ती खाली येते. म्हणजे वरचा लाल झोत आणि खालचा मृत्यू ही एकाच घटनेची दोन टोकं झाली की! वरच्या टोकाचा अभ्यास केला की ढगातून किती भार खाली गेला याचा अंदाज बांधता येतो. याला फोटो काढत बसणं म्हणायचं?

बरं, फोटो तरी सोपा आहे का? हा प्रकार टिकतो काही मिलिसेकंद. (आमच्या सर्व्हरला साधं उत्तर द्यायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. असो.) वैमानिक वर्षानुवर्षं सांगत होते, कोणी मनावर घेतलं नाही. ६ जुलै १९८९ च्या रात्री मिनेसोटात विंकलर आणि त्यांचे सहकारी मंद प्रकाशाचा कॅमेरा तपासत होते, त्यात योगायोगाने सापडला. आपल्याकडे भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलाहाबाद केंद्राने २०१२ मध्ये टिपला. संस्थेचं मुख्यालय पनवेलला आहे. नुसता कॅमेरा पुरत नाही. विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी अँटेनावर पकडून, घड्याळ मिलिसेकंदापर्यंत जुळवून, कुठली वीज कुठल्या स्प्राइटची ते ठरवावं लागतं. अशाच लहरी पकडून पुण्याची आयआयटीएम वीज कुठे पडली ते शोधते. दादाच्या मोबाइलमधलं 'दामिनी' ॲप त्यावरच चालतं!

स्प्राइट बघायचा तर वादळ लांब हवं, डोक्यावर असलं तर ढगच आडवा येतो. सुप्याहून लातूर सव्वादोनशे किमी, अगदी योग्य अंतर. ऑक्टोबरात तिकडे परतीचा पाऊस गडगडत असेल आणि इकडे आभाळ मोकळं असेल, तर पवनचक्क्यांच्या डोंगरावर कॅमेरा लावणार आहे. क्षितिजापासून दोन मुठींच्या आत, पूर्वेला. दादाला सोबत येच म्हटलंय. "अन् तोवर," म्हटलं, "शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, घराच्या पक्क्या खोलीत बसायचं."

"गोठ्यात पण नाही?"

पत्र्याचा, चारी बाजूंनी उघडा. नाही दादा.