खात्याची किल्ली कोणाकडे?

अकोल्याच्या जुन्या शहरातून दगडी पुलावरून मोर्णा ओलांडून रोज सकाळी कामाला जाणाऱ्यांची रीघ लागते. कोणी डाळमिलीत जातो, कोणी बाजार समितीत हमालीला, कोणी धुण्याभांड्याला. त्यांपैकी एखाद्या कष्टकरी बाईचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. महिन्याच्या पाच तारखेला तिचा पगार खात्यात जमा होतो आणि त्याच तारखेला शिलाई यंत्राच्या कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप वजा होतो. एखाद्या महिन्यात मालकाने पगार दोन दिवस लांबवला की हप्ता परत जातो. त्याबद्दल बँक आकार लावते, कर्ज देणारी कंपनी वेगळा दंड लावते, आणि पगार जमा होताच हे सारे प्रथम कापले जाते. किराणा, औषध आणि मुलांच्या वह्या यांचा हिशेब उरलेल्या पैशांत बसवायचा. पगार लांबवला मालकाने. भुर्दंड मात्र तिला! तिने विचारणा केली तर उत्तर ठरलेले असते : "बाई, तुम्हीच सही केली आहे."

ही सही म्हणजे नेमके काय, याचा विचार आता गंभीरपणे करावयास हवा.

सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उमटवण्याचा काळ मागे पडला, असे आपण समजतो. अंगठ्याची जागा आता भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक आकड्यांनी घेतली आहे. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात 'नॅच'चा एक अर्ज असतो. त्यावर हप्त्याच्या रकमेऐवजी पुष्कळदा कमाल मर्यादा लिहिलेली असते. मुदतीचा रकाना कसा भरला गेला, हे ऋणकोला ठाऊक नसते. भाषा इंग्रजी असते आणि प्रत हाती पडत नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाची ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सणासुदीलाही चालते. वसुलीला सुट्टी राहिली नाही. मजुरीला मात्र खाडे आहेतच.

या व्यवहारातील विसंगती कायद्याच्या पुस्तकातच दिसते. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची, म्हणजे परकी अमदानीतील. तिच्या कलम ६० अन्वये मजुराची व घरगड्याची मजुरी न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही जप्त करता येत नाही. पगारदाराच्या वेतनातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सामान्यतः जप्तीपासून मुक्त असतात. २०१९ च्या वेतन संहितेनेही मालकाने करावयाच्या एकूण कपातीला निम्म्या वेतनाची मर्यादा घातली आहे. साक्षीपुरावे ऐकून न्यायाधीश जे घेऊ शकत नाही, ते एका अर्जाच्या बळावर संगणक घेतो, आणि ऋणकोचे म्हणणे ऐकून घेणारे तेथे कोणीच नसते. मजुरी हातात पडत होती तोवर तिला कायद्याचे कवच होते. ती बँकेच्या खात्यात उतरली आणि हे कवच गळून पडले.

शिवाय डोक्यावर तलवार टांगलेली आहेच. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खात्यात पैसे नसल्याने असा हप्ता परत गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. सावध धनको प्रत्यक्षात खटला क्वचितच भरतो. धमकीने काम भागते.

नियम अजिबात नाहीत असे नव्हे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये आवर्ती कपातीसाठी एक चौकट आखली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती पूर्णपणे अमलात आणली. नोंदणीच्या वेळी ग्राहकाची स्वतंत्र पडताळणी, कपातीपूर्वी किमान २४ तास आगाऊ सूचना, आणि संमती मागे घेण्याची मुभा, ही तिची तीन सूत्रे. ती स्वागतार्हच होती. परंतु ती चौकट कार्ड आणि यूपीआय यांसारख्या साधनांसाठी होती. कर्जाचे हप्ते ज्या नॅचच्या वाटेने जातात, ती वाट तिच्या बाहेर राहिली. चित्रपट पाहण्याच्या मासिक वर्गणीला जे संरक्षण लाभले, ते डाळमिलीतल्या बाईच्या हप्त्याला लाभले नाही. संरक्षणाची गरज नेमकी कोणाला अधिक होती?

बचतगटांतील भगिनींना उपयोगी पडेल असा आणखी एक नियम आहे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जांविषयी निर्देश काढले. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले असे कर्ज विनातारण असले पाहिजे, कर्जांच्या मासिक परतफेडीचा एकूण बोजा कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नये, आणि ऋणकोच्या ठेव खात्यावर त्या कर्जासाठी धारणाधिकार ठेवता येणार नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. हा नियम किती वस्त्यांत पोहोचला आहे?

तो न पोहोचल्याने काय होते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. 'लाडकी बहीण' योजनेचे पहिले पैसे खात्यात पडले आणि अनेक ठिकाणी बँकांनी किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड किंवा थकीत कर्ज यांपोटी ते परस्पर वळते करून घेतले. ओरड झाली, तेव्हा शासनाने अशी कपात करू नका म्हणून बँकांना बजावले. अतिवृष्टीच्या अनुदानाबाबत वऱ्हाडातील शेतकऱ्याला हाच अनुभव आहे : मदत येते आणि खाते 'होल्ड'वर असल्याचे बँकेत गेल्यावर कळते. दर वेळी ओरड व्हावी, मग सूचना निघावी आणि पुढल्या हंगामात ती विसरली जावी, हा राज्यकारभार नव्हे. जे मंत्र्याच्या सूचनेने तात्पुरते थांबते, ते कायद्याने कायमचे थांबवता आले पाहिजे.

यावर धनकोंचा युक्तिवाद असा की, आपोआप वसुली असल्यामुळेच गरिबाला विनातारण कर्ज मिळते, आणि बँकेचा पैसा म्हणजे अखेर ठेवीदारांचा पैसा. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, आणि रांगेत उभे राहून अर्ध्या दिवसाची मजुरी बुडण्यापेक्षा हप्ता आपसूक जाणे अनेकांना सोयीचेही आहे. मात्र सोय आणि सक्ती यांत अंतर आहे. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरी १९७८ च्या इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरण कायद्याने ते अंतर मानले. तेथे आवर्ती कपातीला ग्राहकाची लेखी परवानगी लागते आणि तिची प्रत त्याला द्यावी लागते. तीन कामकाजी दिवस आधी कळवून तो कपात थांबवू शकतो. आणि हप्ता अशा कपातीनेच भरला पाहिजे, ही अट कर्ज देताना घालता येत नाही. म्हणून तेथील कर्जव्यवहार काही बुडाला नाही.

आपल्या इतिहासातही याचा दाखला आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव करून शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर व्हावा असे ठरवले आणि रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. कागदावर निशाणी आहे एवढ्याने संमती सिद्ध होत नाही, हे तत्त्व परकी सरकारलाही मान्य करावे लागले होते.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. कपातीचा अर्ज मराठीत असावा, तो वाचून दाखवला जावा आणि त्याची प्रत मिळावी. हप्ता रोखीने किंवा स्वतःच्या हाताने भरण्याचा पर्याय प्रत्येक ऋणकोला असावा. कपातीपूर्वी सूचना आणि थांबवण्याचा अधिकार नॅचलाही लागू व्हावा. हप्ता एकदा परत गेल्यावर बँक आणि कंपनी अशा दोघांनी दंड आकारू नये. आणि शासकीय मदत व निर्वाहापुरती मजुरी यांना खात्यातही तेच संरक्षण मिळावे, जे कलम ६० ने खात्याबाहेर दिले आहे.

ही कसोटी आपल्या घरालाही लावली पाहिजे. सहकारी संस्थांच्या कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाच्या लेखी संमतीने पतसंस्था पगारातून कपात करवून घेतात. आपले अनेक कार्यकर्ते अशा संस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत. तेथे सभासदाला अर्ज वाचून दाखवला जातो काय? नसेल, तर दुसऱ्यांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जयहिंद चौकापासून हरिहर पेठेपर्यंत प्रत्येक मोहल्ल्यात आठवड्यातून एक संध्याकाळ पासबुके आणि कर्जाचे कागद वाचण्यासाठी कार्यकर्त्यांनी द्यावी. कोणती कपात कोणाच्या नावे होते, ते लिहून काढावे. संमती दिली नसेल तेथे बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. काम किरकोळ वाटेल, त्यात हारतुरे नाहीत. पण पाच तारखेला आपल्या खात्यातून काय जाणार आहे आणि का, हे ज्या बाईला चार तारखेलाच ठाऊक असेल, तिला पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी प्रश्न विचारण्याचे धैर्य येईल.