मेणबत्तीखालील अंधार

लग्नाच्या वाढदिवशी पतिपत्नींनी एखाद्या उंची उपाहारगृहात जाऊन जेवावे, ही चाल आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गात आता चांगलीच रुजली आहे. तिच्यावर तोंडसुख घेणाऱ्यांचीही उणीव नाही. "घरी काय कमी आहे?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. त्यास आमचे उत्तर सोपे आहे. घरी जेवताना मध्येच उठावे लागते, आणि बहुधा एकाच व्यक्तीला उठावे लागते. ताटात गरम पोळी पडते तेव्हा तव्यापाशी कोणी तरी उभे असते. वाढदिवस दोघांचा, पण तो घरी साजरा केला की पुऱ्यांचा घाणा मात्र तिच्या वाट्याचा. वर्षातून एक संध्याकाळ तिला बसल्या जागी कोणी आदराने वाढावे, यात ज्यांना उधळपट्टी दिसते त्यांनी आठवडाभर स्वतः पोळ्या लाटून पाहाव्यात आणि मग लेखणी उचलावी.

शिवाय बाहेर खाण्याचे हे स्वातंत्र्य आम्हांस फुकट मिळालेले नाही. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून केवढे ग्रामण्य उठले, आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात कसे सापडावे लागले, हे वाचकांस ठाऊक आहेच. पुढे मुंबईच्या इराणी हॉटेलांनी संगमरवरी टेबलांभोवती नाना जातिधर्मांची माणसे बसविली, आणि पुष्कळ ठिकाणी लाकडी आडोशांच्या 'फॅमिली रूम'ही ठेविल्या. चाळीतल्या भरल्या बिऱ्हाडात ज्या नवपरिणीत जोडप्यास दोन शब्द बोलणे कठीण, त्याला चहाच्या किमतीत अर्ध्या तासाचा एकांत तेथे मिळे. ह्या आडोशाची योग्यता आजच्या दिमाखदार दालनांहून कमी होती, असे आम्हांस वाटत नाही. जोडप्यास जे हवे होते, नेमके तेच तेथे मिळत होते.

तेव्हा आमचे भांडण चालीशी नाही, निवडीच्या रीतीशी आहे. जागा निवडतो बहुधा पती, आणि तीही 'सरप्राइज' म्हणून, म्हणजे पत्नीस न विचारता. त्याच्या कसोट्या तीन : मजला कितवा, छायाचित्र कसे निघेल, आणि बिल किती होईल. गच्चीवरचे टेबल राखून ठेविले जाते. तिला उंचीवर भोवळ येते ह्याची आठवण राहत नाही. सात पदार्थांची ठरीव मेजवानी सांगितली जाते. त्या दिवशी तिची चतुर्थी असते. इतके होऊनही तिने हसतमुख राहावयाचे, कारण पैसे आगाऊ भरलेले असतात! ज्या भेटीत घेणाऱ्याच्या आवडीपेक्षा देणाऱ्याची ऐट मोठी, ती भेट नव्हे, जाहिरात होय.

जितके महाग तितके प्रेम अधिक, हा हिशेबही असाच फसवा आहे. मोठ्या बिलात अन्नाबरोबर जागेचे भाडे असते, सजावट असते, नावाची किंमत असते. नुसता कर पाहिला तरी पुरे. साध्या उपाहारगृहातील जेवणावर 5 टक्के जीएसटी. आणि ज्या हॉटेलात खोलीचे रोजचे भाडे 7,500 रुपयांच्या वर जाते, तेथील उपाहारगृहात 18 टक्के. हे वाढीव 13 टक्के सरकारी तिजोरीत जमा होतात. त्यांनी दांपत्यप्रेमात 13 टक्क्यांची भर पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि इतके मोजून दोघे विकत घेतात ते काय? पुष्कळदा गोंगाट. भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवितो, हे एत्येन लोंबार ह्या फ्रेंच वैद्याने 1911 साली दाखवून दिले. नव्या धर्तीच्या दालनांत भिंती उघड्या, खिडक्या काचेच्या, टेबलावर कापड नाही, खाली गालिचा नाही. आवाज शोषून घेईल असे काही म्हणून नाही. त्यावर मोठ्याने लावलेले संगीत. प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलावर मात करण्यासाठी ओरडू लागते आणि समोरासमोर बसलेल्या दोघांचा संवाद "काय?" आणि "काही नाही" एवढ्यावर येऊन ठेपतो. शेवटी दोघेही आपापल्या मोबाइलकडे वळतात. मधोमध मेणबत्ती मात्र तेवत असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणखी एक गोष्ट बोलून दाखविणे प्राप्त आहे. पाश्चात्त्य देशांतील काही उंची उपाहारगृहांत स्त्रीच्या हाती किमती न छापलेले मेन्यूकार्ड देण्याची रीत होती. पेरू देशातील लिमा शहराच्या एका उपाहारगृहास ह्या रीतीपायी 2019 साली मोठा दंड झाला, आणि तो योग्यच झाला. आमच्याकडे कार्डावर किमती छापलेल्या असतात. पण पत्नीची दृष्टी प्रथम त्यांच्यावरच जाते, आणि "मला फारशी भूक नाही" असे म्हणून ती सर्वांत स्वस्त पदार्थ सांगते. खर्चाचा आकडा तिच्यापासून लपविला, म्हणून तिचा घास असा अडतो. जिने संसाराचा जमाखर्च वर्षानुवर्षे सांभाळला, आणि पुष्कळ घरांत निम्मी मिळकतही आणली, तिला ह्या एका खर्चाबाबत अंधारात ठेवण्यात कसले आले प्रेम?

मग निवड करावी कशी? प्रथम, तिला विचारावे. दुसरे, खर्चाची मर्यादा दोघांनी आधी ठरवावी, म्हणजे तेथे गेल्यावर मनमोकळे खाता येते. तिसरे, ज्या वारी व ज्या वेळी जावयाचे त्याच वारी व त्याच वेळी आठवडाभर आधी तेथे डोकावून यावे, आणि हलक्या आवाजातले बोलणे ऐकू येते की नाही ते पाहावे. टेबल किती वेळ मिळणार, ते मुदपाकखान्याच्या दाराशी तर नाही ना, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. सेवाशुल्क बिलात आपोआप घालता येत नाही, असा दंडक केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये घालून दिला व दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये तो उचलून धरला. तरी त्यावरून ऐन वेळी हुज्जत घालण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. आणि 14 फेब्रुवारीच्या गर्दीत शिरण्यापेक्षा एखादा निवांत मंगळवार पत्करावा. प्रेमास पंचांग लागत नाही.

"विचारून गेल्यावर त्यात नवल ते काय उरले?" असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, वीस वर्षांच्या संसारात "तुला कोठे जावेसे वाटते?" हा प्रश्न ज्या घरी एकदाही विचारला गेला नाही, त्या घरी ह्याहून मोठे नवल दुसरे नाही. कदाचित ती समुद्रकाठचे पंचतारांकित दालन सांगेल. मग खुशाल जावे, आणि कुरकुर न करता बिल भरावे. कदाचित ती जुन्या इराण्याकडचा कोपरा सांगेल. दोन्ही उत्तरे सारखीच उंची आहेत. हलकी निवड एकच : तिला न विचारता केलेली.