बत्तीस म्हणजे कोणतें बत्तीस?

संस्कृत शिकणाऱ्यास ‘सैंधव’ शब्दाचें उदाहरण आरंभींच सांगतात. जेवतांना मागितलेलें सैंधव म्हणजे मीठ. प्रयाणसमयीं मागितलेलें सैंधव म्हणजे घोडा. खिशांतील पिस्तुलाचीं काडतुसें घेतांना परवानाधारकानें हाच विवेक राखावा.

आमचा पुतण्या आपल्या ‘अशनी’ पिस्तुलासाठीं ‘बत्तिसाचीं काडतुसें’ आणावयास गेला. दुकानदारानें “कोणतें बत्तीस?” असें विचारतांच तो निरुत्तर झाला. प्रश्न मात्र अगदीं योग्य होता.

१८९६ सालीं निघालेलें .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हें रिव्हॉल्व्हरचें काडतूस. त्याची पुंगळी सुमारें २३ मिलिमीटर लांब. कानपूरच्या कारखान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरास तेंच लागतें. १८९९ सालचें ब्राउनिंगचें .३२ ए. सी. पी., म्हणजेच ७.६५ मिलिमीटर, हें पिस्तुलाचें. त्याची पुंगळी सुमारें १७ मिलिमीटर. ‘अशनी’स हेंच हवें. गोळीची जाडी जवळजवळ सारखी, म्हणूनच घोटाळा होतो.

लांब काडतूस लहान पिस्तुलाच्या मॅगझिनांत मावतच नाहीं; तेथें चूक तत्काळ कळते. उलट आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरांत कधीं कधीं शिरतें, आणि त्याचा दाब मात्र अधिक असतो. जुन्या शस्त्रास तो न सोसल्यास इजा हाताला होते. शिरलें म्हणजे योग्य, असें समजूं नये.

शस्त्रावर कोरलेलीं अक्षरें, पुंगळीच्या बुडावरील खूण आणि परवान्यांतील नोंद, या तिहींचा मेळ बसावा. न बसल्यास काडतूस भरूं नये. जाणत्या शस्त्रकारास विचारावें.