कच्चे मडके आणि गणपतीची शाळा



तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने काकांचे थापटणे पाहिले आणि विचारले, हे कशासाठी? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग आमचीही मडकी तपासा की, म्हणाली ती. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. सगळे गुमान बसले. नामदेव तेवढे रागावले आणि त्यांचेच मडके कच्चे ठरले. पुढचा भाग सांगायचा मात्र आपण विसरतो. कच्चे ठरले म्हणूनच नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केले.

मातीचे काम शिकू पाहणाऱ्याने ही गोष्ट मनाशी ठेवावी. पहिली दहा मडकी बिघडणारच. ती चार जाणत्यांच्या देखत बिघडली, तर अकरावे सुधारते.

मुंबईत भायखळा आणि करी रोड यांच्या मधले स्टेशन म्हणजे चिंचपोकळी. सातारा-कोल्हापूरची, रत्नागिरी-सिंधुदुर्गाची माणसे पोटासाठी या भागातल्या गिरण्यांत आली. गिरणगाव म्हणतात तो हाच. इथल्या सार्वजनिक उत्सव मंडळाची स्थापना १९२० सालची. त्यांचा गणपती 'चिंतामणी' नावाने प्रसिद्ध आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. पण लालबाग, परळ, चिंचपोकळी या पट्ट्यातले गणपतीचे कारखाने चालू राहिले. परळचे नामवंत मूर्तिकार विजय खातू २०१७ च्या जुलैत वारले. गणेशोत्सव अगदी तोंडावर होता. त्यांची कन्या रेश्मा खातू यांनी कारखाना हाती घेतला आणि काम पुढे चालवले.

असे काम एका हाताने होत नाही. कारखान्यात कोणी माती मळतो, कोणी साच्यात दाबतो, कोणी हातपाय जोडतो, कोणी घासून गुळगुळीत करतो, कोणी रंग देतो. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि ती सर्वांत जाणत्या माणसाकडे. नवशिक्याला आधी मळायला आणि घासायलाच बसवतात. त्याला ते कंटाळवाणे वाटते, पण माती किती ओली, किती आवळलेली, हे बोटांना तिथेच कळू लागते.

आपल्या कोकणात तर मूर्ती घडवण्याच्या जागेला नावच 'गणपतीची शाळा' आहे. घरचा पाट शाळेत नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर आपला गणपती घडायचा. गावची पोरे पावसाळ्यात तिथे बसून गोळे करीत, उंदीर वळीत, कान लावीत. फी नाही, पुस्तक नाही. मोठ्यांचे पाहून शिकायचे. ज्या गावात टेंपो भरून प्लास्टरचे गणपती येऊ लागले, तिथे या शाळेला ओहोटी लागली. शहरात मात्र आता लोक पैसे भरून शाडूची मूर्ती करायला शिकतात. आपल्या गावात जे फुकट होते ते आपणच घालवावे का, एवढा विचार घराघरात व्हायला हवा.

यात विहिरीचाही प्रश्न आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळून जात नाही. त्याचा लगदा आणि रासायनिक रंग गुरे पितात त्या पाण्यात राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली अशा मूर्तींविरुद्ध नियम केले. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये त्या घडवण्यास वाट दिली, पण नैसर्गिक पाण्यात सोडण्यावर बंधन ठेवले. शाडू मात्र पाण्यात पडला की पुन्हा मातीच होतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पेरण्या उरकल्या, पावसाची झड लागली की घरात बसून हे काम करता येते.

वीतभर मूर्तीला दोन-तीन किलो शाडू पुरतो. पाणी थोडे थोडे शिंपडून भाकरीच्या पिठासारखा मळावा आणि बुक्क्यांनी चेपून आतली हवा काढावी. मळलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो हाताला चिकटत नाही आणि वळला तर भेगाळत नाही. नुसती काळी माती घेऊ नका. ती वाळताना फार आकसते आणि तडकते. शाडू मिळत नसेल तर गावच्या कुंभाराला विचारा. कुठल्या तळ्याचा गाळ, त्यात किती राख, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आधी बैठक, मग मांड्या, पोट, हात, डोके, सोंड, कान आणि शेवटी मुकुट, असा क्रम ठेवावा. दोन भाग जोडताना दोन्हीकडे काडीने चरे ओढावेत, पातळ कालवलेली माती लावावी आणि मग दाबावे. कोरड्यावर ओले चिकटवले की वाळताना सांधा सुटतो. हात तुटू नये म्हणून आत जाड काडी खुपसण्याचा मोह होतो. तो टाळावा. माती आकसते, काडी आकसत नाही, आणि नेमकी तिथेच भेग पडते. त्यापेक्षा हात मांडीला, सोंड पोटाला टेकवावी.

मूर्ती सावलीत वाळवावी. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर वरून सुकते, आतून ओली राहते आणि फुटते. पावसाळी हवेत आठ-दहा दिवस तरी लागतात, म्हणून चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात कामाला बसू नये. बारीक भेग दिसली तर तिच्यात पातळ माती भरून ओल्या बोटाने सारवावी. रंगाला गेरू, हळद, खडू पुरे. ही मूर्ती भाजायची नाही. भाजली की ती विरघळणार नाही. विसर्जन घरीच बादलीत केले तर खाली बसलेला शाडू गाळून, वाळवून पुढच्या वर्षी वापरता येतो.

एक गोष्ट निक्षून सांगतो. हात बसल्याबरोबर पैशाच्या आशेने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ऑर्डरी घेऊ नका. चतुर्थीच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या घरचा गणपती तडकला तर काय तोंड दाखवाल? पहिले वर्ष फक्त घरच्यासाठी, दुसरे वर्ष जवळच्या दोन घरांसाठी. हातून दोन वर्षे तडा गेला नाही, तर मग धंद्याचा विचार करा. ज्यांना मडकी, कुंड्या, पणत्या असे चाकावरचे काम शिकायचे आहे, त्यांच्यासाठी बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे. आधी पत्राने चौकशी करून मगच निघावे.

आणि हे काम एकट्याने करू नका. गल्लीतली चार-पाच घरे एका ओसरीवर जमा. गावात जुना मूर्तिकार किंवा कुंभार असेल तर त्याला मानाने बोलवा, चहापाणी करा, शिकवण्याचे दोन पैसे हातावर ठेवा. पोरींनाही बसवा. त्यांनी घातलेल्या रांगोळ्या पाहा, हात किती सफाईचा असतो! एकाचा कान वाकडा होईल, एकाची सोंड गळून पडेल, सगळे हसतील. हसू द्या. मोडलेली माती भिजवली की पुन्हा गोळा होतो.

येत्या चतुर्थीला आपल्या पाटावर घरच्या हाताचा गणपती बसला, तर कळवा. मूर्ती तडकली असेल, तर कुठे आणि कशी तेही लिहा. त्यावर पुढे याच पानावर बोलू.